अन्ननलिकेचे चित्र का हलते?

मेंदू किंवा गुडघ्याच्या तपासणीत एमआरआयने जे सहज साधले, ते अन्ननलिकेच्या बाबतीत दीर्घकाळ साधले नाही. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची ही स्नायूंची नळी हृदय व श्वासनलिकेच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे चिंचोळ्या जागेत वसलेली आहे. पुढे हृदयाची धडधड, दोन्ही बाजूंना फुफ्फुसांचे भाते, आणि रुग्णाने आवंढा गिळला की नळी स्वतःच हलणार! एमआरआयची अनेक चित्रे तयार होण्यास काही मिनिटे लागतात, त्यामुळे या साऱ्या हालचाली चित्रात मिसळतात. त्यात श्वासनलिकेतील हवेमुळे आसपासचे चुंबकीय क्षेत्र विस्कळीत होते, ते वेगळेच.

प्रश्न केवळ सुबक चित्राचा नाही. कर्करोग भिंतीच्या कोणत्या थरापर्यंत पोहोचला, महारोहिणीत शिरला आहे काय, यावर शस्त्रक्रियेचा निर्णय अवलंबून असतो. सीटी स्कॅनमध्ये हे थर वेगळे ओळखता येत नाहीत. दुर्बिणीतून केलेल्या सोनोग्राफीत ते दिसतात. परंतु गाठीमुळे नळी फार अरुंद झाली असेल तर दुर्बीण पुढे सरकतच नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे हालचालीशी जुळवून घेणे. ईसीजीच्या आधारे हृदयाच्या ठोक्यातील ठरावीक क्षणीच संकेत टिपले जातात, श्वासावरही तशीच नजर ठेवली जाते. पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणाऱ्या ‘डिफ्यूजन’ पद्धतीत दाट पेशींची गाठ उठून दिसते. किरणोपचारानंतर उरलेला भाग रोगाचा की निव्वळ सुजेचा, हा अवघड पेच सोडविण्यास तिची मदत होते. मात्र सूज कधीकधी तिलाही चकवते.

जर्मनीतील ग्योटिंगेन येथील येन्स फ्राम यांच्या गटाने मात्र उलटा विचार केला: हालचाल टाळायची कशाला, तीच टिपावी! प्रत्येक चित्रासाठी अगदी मोजके संकेत घ्यायचे आणि उरलेली उणीव गणिताने भरून काढायची, या युक्तीने २०१० मध्ये त्यांनी एका चित्राचा वेळ २० मिलिसेकंदांपर्यंत खाली आणला. पुढे याच तंत्राने गिळण्याची क्रिया चलचित्रासारखी पाहण्यात आली. घास उठून दिसावा म्हणून रुग्णाला चक्क अननसाचा रस देण्यात आला. त्यातील मँगेनीजमुळे तो चित्रात उजळ दिसतो. जठरातील आम्ल उलट वर येण्याच्या विकारात अन्ननलिका व जठर यांचा सांधा कसा उघडतो-मिटतो, हे क्ष-किरणांविना पाहता येते. रुग्णाला यंत्रात आडवे पडूनच गिळावे लागते, ही अडचण अर्थातच आहे. बेरियमच्या जुन्या तपासणीत तो उभा राहू शकतो.