खरपूस की करपट? बाल्टिक पोर्टर चाखताना

एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मसाला गल्लीत शिरलं की दुकान दिसण्याआधी नाक कामाला लागतं. मिरची, धणे, सुकं खोबरं, तीळ. या भागात वाढलेल्या बाईला धणे खमंग भाजले जाताहेत की कढईत विसरले गेलेत, हे रस्त्यावरूनच कळतं. बाल्टिक पोर्टर ही गडद, कडक बिअर पारखायला नाकाची नेमकी हीच तयारी लागते. ही बिअर चांगली की वाईट, याचा निम्मा निवाडा एका प्रश्नावर होतो: धान्य खरपूस भाजलंय की करपलंय? या दोन शब्दांतला फरक मराठी स्वयंपाकघराला मुळातच ठाऊक आहे, म्हणून मला ही बिअर मराठी माणसाने चाखून पाहावी असं मनापासून वाटतं.

पोर्टर म्हणजे ओझी वाहणारा. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये नदीच्या धक्क्यांवर आणि बाजारांत राबणाऱ्या हमालांची ही आवडती काळसर बिअर. आपल्याकडच्या माथाडींची म्हणा ना. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून ती पिंपांनी हिंदुस्थानातही आली आणि गोऱ्या पलटणींनी प्याली. तिचा जास्त कडक प्रकार बाल्टिक समुद्रामार्गे रशियाकडे जायचा. 1806 मध्ये नेपोलियनने ब्रिटिश मालाला युरोपची दारं बंद केली आणि त्या व्यापाराला खीळ बसली. मग बाल्टिककाठचे लोक स्वतःच पोर्टर बनवू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकात थंडीत काम करणारं लागर यीस्ट त्या मुलखात रुळलं आणि पोर्टरही त्यावरच आंबवली जाऊ लागली. पोलंडमधल्या झीव्येत्स गावच्या ब्रुअरीत 1881 मध्ये अशी पोर्टर बनू लागली. गंमत म्हणजे ते गाव डोंगरात आहे, बाल्टिक समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर.

नाचणीचं सत्त्व घरी केलं असेल, तर बिअरची पहिली पायरी तुम्हाला येतेच. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं. असं धान्य म्हणजे माल्ट. नाचणीच्या जागी इथे सातू, आणि वाळवताना किती ताप द्यायचा त्यावर चव ठरते. मंद तापाने दाण्याला बिस्किटासारखा, भाजलेल्या ब्रेडच्या कडेसारखा वास येतो. बाल्टिक पोर्टरचं बरंचसं धान्य या जातीचं असतं. काळा भाजलेला माल्ट थोडाच, तोही बहुधा साल काढलेला, कारण जळका कडूपणा सालीत जास्त असतो. मग साधारण 8 ते 12 अंशांवर आंबवणं आणि त्यानंतर कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने, जवळजवळ गोठणबिंदूपाशी ठेवून मुरवणं. ऊबदार हवेत यीस्ट केळ्या-सफरचंदासारखे फळांचे वास सोडतं. थंडीत ते सावकाश, स्वच्छ काम करतं. मद्यार्क 6.5 ते 9.5 टक्के असूनही घोट गुळगुळीत लागतो तो यामुळे. सगळेच मात्र ही रीत पाळत नाहीत. हेलसिंकीच्या सिनेब्रिकॉफची प्रसिद्ध पोर्टर आजही ऊबदार आंबवणाच्या यीस्टवर होते.

इथे चाखायची कुठे? 2009 मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली आणि महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरीचं पर्व आलं. मुंबईत ते रुजलं लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात. मथुरादास मिल कंपाउंडमध्ये, जिथे पूर्वी साचे धडधडत होते, तिथे आता आंबवणाच्या स्टीलच्या टाक्या आहेत. गिरणगावचा इतिहास माहीत असलेल्याला त्या आवारात शिरताना काहीतरी हलतंच. बाल्टिक पोर्टर तिथे रोज असेलच असं नाही. मुरवायला टाकी महिनोन्महिने अडून राहते, ते धंद्याला परवडत नाही. स्टाउट किंवा साधी पोर्टर मिळाली तरी पुढची रीत तीच, फक्त अपेक्षा थोड्या बदलायच्या.

जाण्याआधी घरी उजळणी करा. दादरहून काकवी, काळ्या मनुका, सुकं अंजीर आणि काष्ठौषधीच्या दुकानातून ज्येष्ठमधाची एक कांडी आणा. माटुंग्याला जाऊन बिनसाखरेची फिल्टर कॉफी प्या. आणि पोळीचा एक तुकडा तव्यावर मुद्दाम करपवा. प्रत्येक वास डोळे मिटून घ्या आणि त्याचं नाव मोठ्याने म्हणा. पुढे पेल्यात तो सापडला की नाव आपोआप जिभेवर येतं.

पेला काचेचा, तोंडाशी निमुळता. वाइनचा चालेल. साबणाचा अंश किंवा तेलकट बोट लागलं तर फेस बसतो, म्हणून चिवडा आणि तळलेला बोंबील नंतर. तापमानाचं मात्र मला आग्रहाने सांगायचं आहे. आपल्याकडे बिअर बर्फासारखी गार देतात. तहानेला ते ठीक, पण गारठलेल्या जिभेला काकवी कळत नाही आणि नाकापर्यंत वास चढत नाही. ही बिअर 10 ते 14 अंशांवर बोलते. शंभर-दीडशे मिलिलिटर ओता, पहिला वास लगेच घ्या आणि मग दहा-पंधरा मिनिटं पेला तसाच ठेवा. मुंबईची हवा बाकीचं काम करते.

तोवर रंग पाहा. वरून काळी वाटते, पण मोबाइलचा दिवा मागे धरला की कडेला डाळिंबी-तांबूस झाक दिसायला हवी. फेस फिक्या बदामी रंगाचा.

आता पेला हलकेच फिरवा आणि दोन-तीन छोटे श्वास घ्या. एकच लांब श्वास घेतला तर नाक लवकर दमतं. प्रथम येतो तो माल्ट: भाजलेली कड, टॉफी, काकवी. मग मनुका आणि अंजीर, कधी चेरी. त्यामागे चॉकलेट किंवा कॉफीची चाहूल, अगदी आत ज्येष्ठमध. कॉफी सगळ्यांच्या पुढे येऊन उभी राहिली, तर ती बिअर स्टाउटकडे झुकली आहे. नाकात मद्यार्काची झणझण आली, तर ती पुरेशी मुरलेली नाही.

घोट छोटा घ्या, जिभेवर सगळीकडे फिरू द्या, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. चवीतला बराच भाग या परतीच्या श्वासात असतो. गोडवा सुरुवातीला भरभरून यावा, पण चिकटून राहू नये. शेवटी हॉप्स या कडू फुलांचा आणि भाजणीचा बेताचा कडवटपणा त्याला आवरतो. अंगाला दाट, बुडबुडे मध्यम, गिळल्यावर छातीत सौम्य ऊब. घशाशी राख किंवा तुरटपणा रेंगाळला, तर समजा, करपट.

दोषही घरच्या वासांनी ओळखता येतात. लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास म्हणजे यीस्टला काम पुरं करू दिलेलं नाही. उकडलेल्या मक्याचा वास आला, तर दोष बहुतेकदा उकळण्यात असतो. केळं म्हणजे यीस्टला सोसली नाही अशी ऊब. ओल्या पुठ्ठ्याचा वास हवा लागल्याचा, आणि आयात बाटली उष्ण गोदामात पडून राहिली असेल तर तो लवकर येतो. जुन्या पोर्टरमध्ये शेरीसारखी किंचित झाक मात्र गुण मानली जाते. तीच पुढे सोया सॉसकडे गेली की बिअर उतरली. सीमा बारीक आहे आणि तिथे दोन जाणकारांचं एकमत होईलच असं नाही.

स्पर्धांत वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन गुणपत्रिकेत एकूण 50 गुण असतात: वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकूण प्रभावाला 10. रूपाला फक्त तीन, हे मला फार योग्य वाटतं. घरी आकडे नसले तरी चालेल, पण टिपण हवं: गार असताना काय आलं, पंधरा मिनिटांनी काय, शेवटच्या घोटाला काय. दोन नमुने पुरेत. तिसऱ्याला जीभ खोटं सांगू लागते, आणि ही बिअर नेहमीच्या माइल्डपेक्षा बरीच कडक आहे. मध्ये पाणी प्या, घरी जायला लोकल आहेच.

पेला रिकामा झाला की लगेच उचलू देऊ नका. पाच मिनिटांनी पुन्हा हुंगा. मद्यार्क उडालेला असतो, फेस काचेवर सुकलेला असतो, आणि बिअर नीट भाजलेली असेल तर तळाशी काकवी अजून असते.