मानेवरील भार आणि भरपाईचा अधिकार : धाराशिव जिल्ह्यातील ऊसतोड कामगार व हमालांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
डोक्यावर ओझे वाहणाऱ्या कामगाराच्या मानेला कामावर असताना इजा झाल्यास त्याला नुकसानभरपाई मागण्याचा कायदेशीर अधिकार आहे. तथापि हा अधिकार प्रत्यक्षात क्वचितच बजावला जातो. कायद्याच्या अनुसूचीत मानेच्या इजेची टक्केवारी दिलेली नाही, अपघात आणि झीज यांतील सीमारेषा पुसट आहे आणि ऊसतोडीच्या व्यवस्थेत मालक नेमका कोण हे सहजासहजी ठरत नाही. प्रस्तुत लेखात या तीन अडचणींचे विवेचन केले असून दाव्याचे भवितव्य पहिल्या काही तासांत कागदावर काय नोंदले जाते यावर कसे अवलंबून असते, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : ऊसतोड कामगार, मानेचे मणके, अर्जनक्षमता, नुकसानभरपाई, मुकादम.

प्रस्तावना :
धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा आहे. भूम, वाशी, परंडा, कळंब या तालुक्यांतून गळीत हंगामात ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात मोठ्या प्रमाणावर स्थलांतर होते. दुसरीकडे ढोकीच्या तेरणा कारखान्यापासून या जिल्ह्यातही साखर उद्योगाची परंपरा आहे. म्हणजे हा जिल्हा ऊसतोड कामगार पाठविणाराही आहे आणि ऊस पिकविणाराही आहे. आपल्या महाविद्यालयांच्या वर्गांत बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन गाव सोडतात. त्यामुळे हा विषय केवळ विधी शाखेचा नसून आपल्या परिसराच्या सामाजिक वास्तवाचा भाग आहे.

१. कामाचे स्वरूप आणि मान :
ऊस तोडून त्याच्या मोळ्या बांधल्या जातात. डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी उचलली जाते आणि अरुंद फळीवरून किंवा शिडीवरून चढून ती ट्रकमध्ये वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकली जाते. वाहन रात्री-अपरात्री आले तरी ते भरावेच लागते. थंडीत दवाने फळी निसरडी होते. अशा वेळी पाय घसरला तर डोक्यावरील भारासह सारा झटका मानेवर येतो. बाजार समितीतील व गोदामातील हमालाची स्थितीही फारशी वेगळी नाही. माथाडी हा शब्दच माथ्यावरून आला आहे.

मानेत सात मणके असतात. त्यांतील वरचे दोन वगळता इतर मणक्यांच्या मध्ये लवचीक चकत्या असतात आणि मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. झटक्याने चकती सरकली की नस दाबली जाते. मग दंडात कळ येते, बोटे बधिर होतात आणि पकड ढिली पडते. मज्जारज्जूलाच इजा झाली तर हातपाय लुळे पडू शकतात. वर्षानुवर्षे भार वाहिल्याने मणक्यांची झीज होते ती वेगळीच. ज्या कामगाराची मान अगोदरच झिजलेली आहे, त्याला लहानसा झटकाही पुरेसा होतो. कायद्याच्या दृष्टीने हाच मुद्दा पुढे वादाचा ठरतो.

२. कायद्याची चौकट :
कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ हा भारतातील सामाजिक सुरक्षेच्या आद्य कायद्यांपैकी एक होय. २००९ च्या दुरुस्तीने त्याचे नाव कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम असे झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून तिच्या सातव्या प्रकरणात या कायद्याची मूळ चौकट समाविष्ट आहे. त्यापूर्वीच्या अपघातांतून निर्माण झालेले हक्क मात्र जुन्या कायद्यानुसारच तपासले जातात. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः १९२३ च्या कायद्याच्या आधारे केले आहे.

या कायद्याचे मर्म असे की, मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामातून उद्भवलेल्या आणि कामाच्या ओघात घडलेल्या अपघाताने इजा झाली आणि त्यामुळे आलेली असमर्थता तीन दिवसांहून अधिक टिकली, तर मालक भरपाईस जबाबदार ठरतो. कामगाराची स्वतःची साधी निष्काळजी हा मालकाचा बचाव होऊ शकत नाही.

ऊसतोड कामगार या कायद्याखाली येतो काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतील पहिल्याच नोंदीत यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या वाहनात माल भरण्याच्या वा उतरविण्याच्या कामावरील व्यक्तीचा समावेश आहे. म्हणून ट्रक किंवा ट्रॅक्टर भरताना पडलेला मजूर या नोंदीत बसतो. बैलगाडी भरणाऱ्याला मात्र या नोंदीचा आधार घेता येत नाही. पूर्वी नैमित्तिक स्वरूपाच्या कामावरील मजूर वगळला जात असे. ती अट २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. हमालांच्या बाबतीत महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ ने नोंदणीकृत कामगारांना नुकसानभरपाई कायदा लागू केला असून मंडळ मजुरी देत असेल तेथे मंडळालाच मालक मानले आहे.

३. अपघात की झीज ?
मानेच्या दाव्यात विमा कंपनीचा पहिला आक्षेप बहुधा असा असतो की, ही इजा नसून वयानुसार झालेली झीज आहे. क्ष-किरण चित्रात झीज दिसतेच. तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी आहे, परंतु भार वाहिल्याने होणारी मानेची झीज त्या यादीत नाही. यादीबाहेरचा आजार विशिष्ट अपघाताच्या इजेतून थेट उद्भवला असेल तरच भरपाई मिळते. म्हणून केवळ 'वीस वर्षे मोळ्या वाहिल्या, आता मान दुखते' एवढ्यावर दावा टिकणे अवघड असते.

परंतु याचा अर्थ झिजलेल्या मानेला संरक्षणच नाही असा नव्हे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याच्या मृत्यूप्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच स्पष्ट केले होते की, आजार आधीपासून असला तरी कामाच्या श्रमाने तो बळावला वा परिणाम लवकर घडून आला, तर काम हे सहाय्यक कारण ठरते. हेच तत्त्व मानेला लावता येते. झीज पूर्वीची असेल, परंतु अमुक दिवशी, अमुक फळीवरून, मोळीसह घसरल्यावरच हात बधिर झाला, असे दाखविता आले पाहिजे.

४. टक्केवारीचा प्रश्न :
पहिल्या अनुसूचीत अवयवहानीची टक्केवारी दिली आहे. अंगठा गेल्यास ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के, अशी ती यादी आहे. तुटलेले बोट दिसते व मोजता येते. मान तुटून पडत नाही, म्हणून यादीत मानेचा उल्लेख नाही. अशा यादीबाहेरच्या इजेत अर्जनक्षमता किती घटली हे अर्हताप्राप्त वैद्यकीय व्यवसायीने निश्चित करावे, असे कायदा सांगतो.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. शरीराचे वैद्यकीय अपंगत्व ही एक गोष्ट आणि कमावण्याची क्षमता ही दुसरी गोष्ट. मान २० टक्के निकामी झाली असे प्रमाणपत्र मिळाले, तरी ज्याचे सारे उत्पन्न डोक्यावरच्या ओझ्यावर अवलंबून आहे त्याची कमाई २० टक्क्यांनीच घटते असे म्हणता येत नाही. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबता या १९७५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या सुताराची असमर्थता संपूर्ण मानली, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, असेही त्याच निकालात सांगितले आहे.

या फरकाचे मूल्य आकड्यांत पाहता येईल. कायमच्या संपूर्ण असमर्थतेसाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेस वयानुसारच्या गुणकाने गुणले जाते. ३ जानेवारी २०२० पासून यासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये ठरली. चाळीस वर्षांच्या कामगाराचा गुणक १८४.१७ आहे. त्यानुसार संपूर्ण असमर्थतेची भरपाई १६,५७,५३० रुपये होते. २० टक्केच धरल्यास ती ३,३१,५०६ रुपये होते. 'हा इसम यापुढे डोक्यावर ओझे वाहू शकणार नाही' हे डॉक्टरांचे एक वाक्य लिहिले गेले की नाही, यावर तेरा लाखांहून अधिक रकमेचा फरक पडू शकतो.

वेतन सिद्ध करणे हीदेखील अडचण आहे. ऊसतोडीत पतिपत्नी मिळून एक कोयता धरला जातो. उचल पुरुषाच्या नावे, हिशेबही त्याच्याच नावे. मोळ्या दोघेही वाहतात, परंतु स्त्रीची मजुरी स्वतंत्रपणे कोठेही नोंदली जात नाही. तिच्या मानेला इजा झाली तर वेतनाच्या रकान्यात काय लिहावे, येथूनच दावा अडखळतो.

५. मालक कोण ?
कामगाराला उचल मुकादम देतो, मुकादमाशी करार वाहतूकदाराचा अथवा तोडणी-वाहतूक संस्थेचा असतो आणि ऊस कारखान्याला जातो. कायद्याच्या कलम १२ नुसार आपल्या व्यवसायाचा भाग असलेले काम कंत्राटदाराकडून करून घेणारा मूळ मालकही भरपाईस जबाबदार असतो व नंतर ती रक्कम तो कंत्राटदाराकडून वसूल करू शकतो. मात्र त्याच कलमात अपघात मूळ मालकाच्या आवारात वा त्याच्या नियंत्रणाखालील जागी घडलेला असावा, अशी मर्यादा आहे. शेत आमचे नाही, हा कारखान्याचा बचाव येथून येतो. याउलट तोडणीचा कार्यक्रम, तोडणीची चिठ्ठी आणि वाहनाची पाळी कारखान्याकडूनच ठरते, ही बाब नियंत्रण दाखविण्यास उपयोगी पडते. म्हणून दाव्यात मुकादम, वाहनमालक, विमा कंपनी व कारखाना या सर्वांना सामील करणे हितावह असते.

६. पुरावा, मुदत व अधिकारक्षेत्र :
अपघाताची सूचना शक्य तितक्या लवकर द्यावी आणि दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा, असा जुन्या कायद्याचा नियम आहे. पुरेसे कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो. अपघात परजिल्ह्यात झाला म्हणून तेथेच खेटे घालावे लागतात, हा समज चुकीचा आहे. कामगार जेथे सामान्यतः राहतो तेथील आयुक्तांकडेही दावा करता येतो. साहजिकच कोल्हापूर वा बेळगावकडे पडलेला भूमचा मजूर धाराशिव येथे दाद मागू शकतो. भरपाई एका महिन्यात न दिल्यास १२ टक्के व्याज व समर्थनीय कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. हक्क सोडून देण्याचा करार कायद्याने शून्य आहे. उचलीत रक्कम वळती करून घेतल्याच्या कागदावर अंगठा घेतला, तरी त्याने हक्क संपत नाही.

दाव्याला किती काळ लागू शकतो, याचे उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. साखर कारखान्यातील एका पहारेकऱ्याचा एप्रिल २००३ मध्ये कामावर जाताना रस्ता अपघातात मृत्यू झाला. उस्मानाबाद येथील आयुक्तांनी २००९ मध्ये भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ती पुन्हा कायम केली. वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा कामाशी संबंध असेल तर कामावर जाण्यायेण्यातील अपघातही कामाच्या ओघातील ठरतो, असे या निर्णयाने सांगितले. मानेच्या इजेचा हा दावा नव्हता, परंतु कुटुंबाला बावीस वर्षे थांबावे लागले ही बाब प्रत्येक दावेदाराने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, मानेच्या इजेबाबत कायदा पूर्णतः मुका नाही. त्याला बोलते करण्यासाठी लागणारा कागद मात्र वेळीच तयार होत नाही. दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर केवळ 'मानदुखी' असे लिहिले गेले की पुढचा दावा तेथेच कमकुवत होतो. त्याच कागदावर 'मोळीसह फळीवरून पडल्याने' एवढे शब्द आले तर अपघात, काम व इजा हे तिन्ही दुवे जोडले जातात.

या दृष्टीने महाविद्यालयांना काही गोष्टी सहज करता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी हंगामापूर्वी गावात जाऊन प्रत्येक कोयत्यातील स्त्री व पुरुष यांची स्वतंत्र नोंद, मुकादमाचे नाव, कारखान्याचे नाव व वाहनाचा क्रमांक लिहून ठेवावा. अपघात झाल्यास डॉक्टरांना काय सांगावे, याची एक पानी सूचना सोप्या मराठीत द्यावी. वाणिज्य व विधी विभागांनी भरपाईचे गणित करून देण्यास मदत करावी. ज्यांच्या मानेवरील भारावर या भागातील साखर उभी आहे, त्यांच्या मुलांना शिकविणाऱ्या अध्यापकांकडून एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.