थंड कॅमेरा घेण्यापूर्वी आपले आकाश पाहा

नवी मुंबई, खास प्रतिनिधी - दुर्बिणीतून तेजोमेघ आणि दीर्घिका टिपू पाहणाऱ्या हौशी छायाचित्रकारापुढे शीतकरणयुक्त कॅमेऱ्याची निवड हा मोठा खर्चिक निर्णय असतो. नवी मुंबईसारख्या उष्ण, दमट आणि झगमगत्या शहरात तर तो अधिकच विचारपूर्वक घ्यावा लागतो.

१९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीचा शोध लावला. २००९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. या संवेदकावर प्रकाश पडला नाही तरी उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन साचत राहतात. यालाच 'डार्क करंट' म्हणतात. तापमान साधारण ६ अंशांनी उतरले की तो निम्मा होतो. म्हणजे २६ अंशांवरून उणे १० अंशांवर नेल्यास तो सुमारे ६४ पटींनी घटतो.

हौशी कॅमेऱ्यांतील विद्युत शीतक मात्र भोवतालच्या हवेपेक्षा ठरावीक अंशच खाली जातो. ३५ अंशांची क्षमता असलेला कॅमेरा मे महिन्यात २८ अंशांच्या रात्री उणे ७ पर्यंतच पोहोचेल. त्यामुळे सर्व ऋतूंत साधेल असे एकच तापमान स्थिर राखणारा कॅमेरा उपयुक्त ठरतो. खाडीकाठच्या दमट हवेत संवेदकापुढील काचेवर दव धरते. काच तापवण्याची सोय आणि आतील ओलावा शोषणारी पुडी बदलता येणे, या दोन गोष्टी म्हणूनच तपासाव्यात.

खरा प्रश्न प्रकाशाचा आहे. वाशी वा नेरूळच्या गच्चीवर दिव्यांनी उजळलेल्या आकाशाचाच गोंगाट इतका असतो की, साध्या चित्रणात अतिशीतकरणाचा फारसा लाभ होत नाही. तो दिसतो ६५६ नॅनोमीटरच्या हायड्रोजन प्रकाशापुरते अरुंद फिल्टर लावल्यावर किंवा वांगणीसारख्या तुलनेने काळोख्या जागी गेल्यावर.

सोनीने २०१५ मध्ये सीसीडीचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेतल्यानंतर हौशी बाजारपेठ सीमॉसकडे वळली. आधुनिक सीमॉसमध्ये डार्क करंट मुळातच कमी असल्याने उणे १० अंशही सहसा पुरेसे होतात. जुना सीसीडी स्वस्तात मिळत असेल, तर सुटे भाग व दुरुस्तीची खात्री आधी करून घ्यावी.

पिक्सेलचा आकारही दुर्बिणीशी जुळायला हवा. मायक्रॉनमधील आकाराला २०६ ने गुणून मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागले की, एक पिक्सेल किती विकला आकाश व्यापतो ते कळते. उत्तर १ ते २ च्या दरम्यान आले, तर निवड बहुधा योग्य समजावी. मेगापिक्सेलचा आकडा त्यानंतर पाहावा.