वल्कलावरची कैफियत

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, आर्न्हेम लँडच्या ईशान्य किनाऱ्यावर यिरकला नावाची वस्ती आहे. तेथील योलंगू लोक निलगिरीच्या कुळातील एका वृक्षाची साल पावसाळ्यात सोलतात, विस्तवावर शेकून व वजनाखाली दाबून ती सपाट करतात, आणि गेरू, पिवळी माती, पांढरी माती व कोळसा यांच्या रंगांत मानवी केसांची कुंचली बुडवून तिच्यावर जाळीदार रेषांची चित्रे काढतात. शहरी कलादालनांत ही चित्रे पाहणारा रसिक रेषांच्या नजाकतीवरच संतुष्ट होतो. वस्तुतः प्रत्येक कुळाची नक्षी निराळी असून ती काढण्याचा अधिकारही वारशानेच मिळतो. कोणत्या पूर्वजाने कोणत्या खाडीत काय केले, गोडे पाणी खाऱ्याला कोठे मिळते, त्या जागेची राखण कोणाकडे आहे, हे सारे तीत नोंदलेले असते. आपल्याकडे सातबाऱ्याच्या उताऱ्याला जे मोल, ते तिकडे या वल्कलाला.

१९६३ साली सरकारने बॉक्साइटच्या खाणीसाठी या लोकांच्या राखीव मुलखातून ३०० चौरस किलोमीटरांहून अधिक जमीन त्यांना न विचारता वेगळी काढली, तेव्हा त्यांनी कॅनबेराच्या संसदेकडे अर्ज धाडला. मजकूर गुमाच भाषेत व इंग्रजीत टंकलिखित होता, परंतु तो डकविला होता चित्रांच्या चौकटीत, वल्कलावर: मध्यभागी सरकारला उमजेल असा कागद आणि सभोवार योलंगूंना मान्य असा दाखला. संसदेने अर्ज दाखल करून घेतला, चौकशी समितीही नेमली. खाण मात्र व्हायची ती झालीच. तेव्हा योलंगू न्यायालयात गेले; १९७१ साली न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी त्यांचा दावा फेटाळला. या लोकांत सुव्यवस्थित कायदा नांदतो हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले, पण त्यातून जमिनीची मालकी सिद्ध होते हे मात्र त्यांना पटले नाही! अखेर १९७६ च्या कायद्याने, आर्न्हेम लँड ज्यात येते त्या नॉर्दर्न टेरिटरीतील मूलवासींना जमिनीचे हक्क मिळाले, तेही ओहोटीच्या रेषेपर्यंत.

प्रश्न उरला तो पाण्याचा. १९९६ साली गारांगाली या मदारपा कुळाच्या पवित्र स्थळी चोरट्या मच्छीमारांचा तळ आढळला, आणि तेथे मगरीचे छाटलेले मुंडके. बारू नावाची आदिमगर ही त्या कुळाची पूर्वज. तिच्याच निवासस्थानी हा प्रकार घडलेला. कुळाचे प्रमुख, स्वतः नामांकित चित्रकार असलेले जाम्बावा मारावीली यांनी कुंचला हाती घेतला, इतर कुळांनाही पाचारण केले, आणि ४७ चित्रकारांनी ८० वल्कलांवर आपापल्या खाड्या, प्रवाह आणि त्यांची पुराणे चितारून समुद्रावरील वहिवाटीची कैफियत मांडली. हा संग्रह देशभर फिरला आणि पुढे सिडनीच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने तो विकत घेतला.

समुद्राच्या या हक्कासाठी योलंगू न्यायालयातही गेले, आणि ३० जुलै २००८ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: मूलवासींच्या जमिनीला लागून भरती-ओहोटीच्या पट्ट्यात जे पाणी येते, त्यात त्यांच्या परवानगीवाचून शिरण्याचा हक्क सरकारी मासेमारी परवान्याने मिळत नाही. नॉर्दर्न टेरिटरीचा सुमारे ८० टक्के किनारा या निकालाच्या कक्षेत आला. चित्रांनी खटला जिंकला, असे कौतुकाने सांगितले जाते. मला ते अतिशयोक्त वाटते. निकाल फिरला तो १९७६ च्या कायद्याच्या अन्वयार्थावर. चित्रांनी केले ते वेगळे आणि माझ्या मते अधिक कठीण काम: निरनिराळ्या कुळांना त्यांनी एका दाव्यामागे उभे केले, आणि ज्यांना समुद्र म्हणजे कोणाचाही नसलेला पाण्याचा पसारा वाटत होता, त्यांना त्यातील हद्दी दाखविल्या.

त्याच किनाऱ्यावर १९९२ साली स्थापन झालेली धिमुरू ही योलंगूंची संस्था वाहून आलेली मासेमारीची जाळी गोळा करते आणि त्यांत अडकलेल्या कासवांना सोडविते. निकालाने सारे मिटले, असे मात्र नाही. परवानगी कोणी, कोणत्या अटींवर आणि किती मोबदल्यात द्यावयाची, यावर मूलवासींचे प्रतिनिधी, सरकार आणि मच्छीमार यांच्या वाटाघाटी त्यानंतर वर्षानुवर्षे चालल्या.