शेवाळ घासा, पण बाटल्या मिसळू नका

गणपती आणायचा दिवस जवळ आला की घरच्यांचे लक्ष अंगणाकडे जाते. जूनपासून पाऊस झेलून फरशी हिरवी-काळी पडलेली असते. पेण तालुक्यातले विनोबा भावे यांचे जन्मगाव गागोदे बुद्रुक असो की कोकणातली कुठलीही वाडी, मूर्ती हातात धरून याच अंगणातून चालायचे असते आणि तेव्हा पायाखालचे दिसत नाही. वयस्कर माणूस घसरला तर खुब्याचे हाड मोडून महिनोन् महिने अंथरुण धरावे लागते. म्हणून शेवाळ काढायलाच हवे. मात्र घाईत वापरलेली रसायने पडण्याइतकीच घातक ठरू शकतात.

हिरवा थर शैवालाचा असतो, तर काळपट थर बहुधा सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्मजीवांचा. त्यांच्याभोवतीचे चिकट आवरण पाणी शोषून फुगते, त्यामुळे फरशी बुळबुळीत होते. उन्हाळ्यात हा थर वाळून मेल्यासारखा दिसतो, पण पहिल्या पावसात पुन्हा जिवंत होतो.

तो काढायला बहुतेक वेळा खराटा, ताठ ब्रश आणि थोडी वाळू पुरते. शेवाळ ओले असतानाच घासावे, कारण तेव्हा ते सहज सुटते. पायात झिजलेली चप्पल नको. घराच्या बाजूने सुरुवात करावी आणि साफ झालेल्या जागेवर उभे राहून पुढे सरकावे. निघालेला गाळ गोळा करून बाजूला टाकावा.

एवढ्याने भागले नाही तरच ब्लिचिंग पावडर वापरावी. प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर पाण्याला सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर पावडर पुरे. हातमोजे व चष्मा घालून, पाऊस नसताना हे पाणी पसरावे आणि १०-१५ मिनिटांनी फरशी भरपूर पाण्याने धुवावी. विहीर, तुळस आणि गुरांचे पाणी यांपासून ते लांब ठेवावे.

खरा धोका असतो तो मिश्रणाचा. ब्लिचिंगच्या पाण्यात ॲसिड, टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर पडले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये रणांगणावर सोडला गेला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, त्यामुळे खाली वाकून घासणाऱ्याला आणि लहान मुलांना लवकर बाधतो. डोळ्यांची आग, खोकला किंवा छातीत घट्टपणा जाणवला तर लगेच मोकळ्या हवेत जावे, डोळे स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे धुवावेत आणि डॉक्टरांना गाठावे. सुरुवातीला बरे वाटले तरी श्वासाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

नुसते ॲसिड ओतणेही चुकीचे आहे. ते सिमेंट खाते, फरशी खडबडीत होते आणि त्या खाचांमध्ये पुढच्या वर्षी शेवाळ अधिक घट्ट बसते.

शेवाळाला ओल आणि सावली लागते. म्हणून पागोळ्यांचे पाणी पन्हळीने बाहेर काढावे, फरशीला उतार द्यावा, अंगणावर झुकलेल्या फांद्या पावसाळ्याआधी छाटाव्यात. रोजच्या वाटेवर आठवड्याला एकदा खराटा फिरवला, तर गणपतीच्या तोंडावर बाटली शोधायची वेळच येत नाही.