बागेची आखणी : आधी कोपरा काटकोनात धरा

आंब्याची कलमं एकदा लागली की पुढं कित्येक वर्षं जागची हलत नाहीत. पहिलाच कोपरा तिरका गेला, तर ओळी तिरक्या जातात अन् उभी-आडवी पाळी नीट घालता येत नाही. म्हणून खड्डे घेण्याआधी कोपरा तपासा.

कोपऱ्यावर खुंटी ठोका. बांधालगत सरळ दोरी ताणून ३० फुटांवर खूण करा. दुसरी दोरी शेतात ताणून ४० फुटांवर खूण करा. दोन्ही खुणांमधलं अंतर टेपनं मोजा. ५० फूट भरलं की काटकोन झाला. कमी भरलं तर कोपरा मिटलाय, जास्त भरलं तर फाकलाय. दुसरी दोरी सरकवा.

हिशोब सोपा आहे : ३० चा वर्ग ९००, ४० चा १६००, बेरीज २५००, म्हणजेच ५० चा वर्ग.