ट्रॅक्टर-ट्रॉलीला जादा दिवे जोडताना



ऊसतोड सुरू झाली की कारखान्याच्या रस्त्यावर रात्रभर ट्रॅक्टरांची रीघ लागते. पुढे ट्रॅक्टर, मागे एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरला पुढून चार-चार फोकस, वर टेप मोठ्यानं वाजतोय. पण शेवटच्या ट्रॉलीच्या मागं मात्र मिट्ट काळोख. मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला समोर ट्रॉली आहे हे कळतं, तेव्हा ब्रेक दाबायला जागा उरलेली नसते. घरी निघालेला माणूस वाटेतच जातो. ही ट्रॉली आपली असू नये, एवढ्यासाठी हा कागद.

तसं पाहिलं तर ट्रॉलीला दिवे कधी ना कधी बसवलेले असतातच. पासिंगच्या दिवशी ते लागतातही. मग महिन्याभरात मंद होतात, पुढं बंद पडतात. दिवा वाईट होता असं आपण म्हणतो. दहातल्या नऊ वेळा दिवा चांगला असतो, जोडणी चुकलेली असते.

पहिली चूक म्हणजे घरातली उरलेली वायर ट्रॅक्टरला लावणं. घरात वीज २३० व्होल्टची, ट्रॅक्टरवर फक्त १२ व्होल्टची. ५५ वॅटचा दिवा घरात जेमतेम पाव अँपिअर ओढतो. तोच ५५ वॅटचा दिवा ट्रॅक्टरवर साडेचार अँपिअर ओढतो. पाइपलाइनीचंच गणित आहे हे. बारीक पाइपातून जास्त पाणी ढकललं की शेवटाला जोर राहत नाही. पाऊण एम.एम.ची बारीक वायर पाच मीटर नेली आणि तशीच पाच मीटर परत आणली, तर त्या दिव्यासाठी वाटेतच सव्वा व्होल्टच्या आसपास गळून जातो. घरात एवढी गळती कळणारही नाही. पण १२ मधला सव्वा गेला की फोकसचा उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं उतरतो. अडीच एम.एम.ची तांब्याची वायर घातली तर गळती अर्ध्या व्होल्टच्याही आत राहते. वायर अनेक पदरी, लवचिक घ्यावी. एकपदरी तार ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं मोडते.

दुसरी चूक याहून वाईट. नवा फोकस आणला की तो हेडलाईटच्या किंवा किल्लीच्या वायरला सोलून पीळ देऊन जोडायचा, वर टेप गुंडाळायची. ती वायर आणि ते बटण कारखान्यानं हेडलाईटपुरतंच दिलेलं असतं. त्यावर आणखी नऊ अँपिअरचा भार टाकला की बटण आतून जळतं, वायर तापते. मग फ्यूज उडतो, आणि आपले गडी तिथं तारेचा तुकडा अडकवतात! फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो, बरं का. फ्यूजच्या जागी तार घातली म्हणजे आता वायरच फ्यूज झाली. ती जळणार डिझेलच्या नळीशेजारी आणि वाळल्या पाचटाशेजारी.

तेव्हा जादा दिव्याची लाईन वेगळी काढावी. बॅटरीच्या अधिक टोकापासून नवी वायर घ्या आणि वीतभर अंतरातच फ्यूज बसवा. फ्यूज दिव्याजवळ बसवून उपयोग नाही. बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा उघडाच राहतो, तो पत्र्यावर घासला तर थांबवायला कोणी नाही. ५५ वॅटच्या दोन फोकसना अडीच एम.एम. वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. चपट्या फ्यूजमध्ये तो निळ्या रंगाचा येतो. पुढं रिले लावा. त्यावर आकडे असतात: ३० ला फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून दिव्याकडे, ८५ आणि ८६ यांतलं एक बटणाकडे आणि दुसरं अर्थला. बटणातून मग अगदी थोडी वीज जाते, खरा भार रिले उचलतो. वायर पत्र्यातून जाते तिथं रबरी बूच घाला, सायलेन्सरपासून लांब ठेवा. जोडाला पीळ देऊ नका, लग दाबून घ्या.

हात लावण्याआधी बॅटरी सोडा. बहुतेक ट्रॅक्टरांत उणे टोक बॉडीला जोडलेलं असतं. काही जुन्या गाड्यांत उलटं, अधिक टोक बॉडीला, म्हणून आधी पाहून घ्या. बॉडीची केबल आधी सोडायची आणि सर्वांत शेवटी जोडायची. दुसरी आधी सोडायला गेलात आणि पान्हा पत्र्याला लागला की मोठी ठिणगी पडते. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो. विडी बाजूला ठेवूनच हे काम.

आता ट्रॉलीकडे येऊ. इथं सगळा खेळ अर्थचा आहे. बरेच जण ट्रॉलीला दिव्याच्या वायरी नेतात आणि परतीची वाट म्हणून हूक आणि पिन यांच्यावर भरवसा ठेवतात. ती पिन ग्रीसनं माखलेली, गंजलेली, सारखी हलणारी. वीज मग दुसऱ्या दिव्यातून वाट काढते. उजवा इंडिकेटर दिला की टेललाईट उघडझाप करते, ब्रेक दाबला की सगळेच दिवे मिणमिणतात. असं दिसलं तर बल्ब बदलत बसू नका, अर्थ शोधा. सात पिनांच्या सॉकेटात ३ नंबरची पिन अर्थची. पांढरी वायर तिथून थेट प्रत्येक दिव्यापर्यंत न्यावी. मागच्या ट्रॉलीलाही तशीच. दोन ट्रॉल्यांचे २१ वॅटचे चार ब्रेकलाईट मिळून सात अँपिअर होतात, तेव्हा ब्रेकच्या बटणालाही रिले लावलेला बरा. एलईडीचे दिवे घेतले तर भार बराच कमी होतो.

आणखी एक. ८८ अँपिअर-तासाची बॅटरी इंजिन बंद ठेवून दोन फोकसना चार तास दिली तर तिच्यातलं चाळीस टक्क्यांपर्यंत संपतं. मळणीला उजेड हवा असेल तर इंजिन चालू असू द्या. आणि मागं तोंड केलेला पांढरा फोकस शेतात वापरा. रस्त्याला लागताना बंद करा, मागच्याचे डोळे दिपतात.

हल्ली भाजी बाजारात न्यायला बॅटरीवरची मालगाडी, किंवा कृषी पर्यटनाच्या ठिकाणी पाहुणे फिरवायला गोल्फ गाडी दिसते. तिथं हा हिशोब बदलतो. अशी गाडी पुष्कळदा ४८ व्होल्टची, म्हणजे १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. हॉर्न आणि दिवे १२ व्होल्टचे, म्हणून एकाच बॅटरीवर जोडायचा मोह होतो. ती एक बॅटरी रोज जास्त उतरते. चार्जर मात्र चौघींना मिळून मोजतो. एक उपाशी राहते, बाकीच्या जास्त भरतात, आणि थोड्याच दिवसांत सगळा संच जातो. तिथं ४८ चे १२ करणारा कन्व्हर्टर सगळ्या संचावर लावावा. अशा गाडीची बॉडी अर्थ धरू नये, परतीची वायर वेगळीच न्यावी.

ट्रॉली भरून झाली की निघण्याआधी एकानं ट्रॅक्टरवर बसावं, दुसऱ्यानं मागं उभं राहून टेललाईट, ब्रेक, डावा, उजवा असं पाहावं. दिवा केव्हाही दगा देऊ शकतो, म्हणून मागं लाल, बाजूला पिवळी आणि पुढं पांढरी चमकणारी पट्टी लावलेली असावीच. लोंबणारे वाढे दिव्यावर आणि पट्टीवर येत असतील तर कोयत्यानं छाटून टाका.